गौरवीला घेणारा देश

१० नोव्हेंबर

"तुमची काळजी कागदार घाला, माझ्या कानात नको," असं संजना काल म्हणाली, म्हणून ही डायरी. गॅरेजला ऑइल पुरवणाऱ्यांनी जानेवारीत दिली होती. वर्ष संपत आलं तरी कोरीच राहिली होती.

लिहायची सवय नाही, तेव्हा अर्जासारखं सुरू करतो. मी गुरुदास, राहणार पाळी, तालुका डिचोली. खाणीच्या वर्कशॉपात मोठी यंत्रं दुरुस्त करत होतो. खाण बंद पडल्यापासून साखळीच्या एका गॅरेजात बस आणि टिपर बघतो. संजना डिचोलीच्या एका खाजगी इस्पितळात नर्स आहे. मुलगी गौरवी बारा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानांतल्या यंत्रांनी दार आपटलेलं कळतं, शब्द कळत नाहीत. ती हातांनी बोलते. समोरच्याचे ओठ बघून काही समजतं, काही नाही. किती समजतं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.

संजना नर्सांची इंग्रजीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. निकाल आला त्या दिवशी तिने मला विचारलं नाही की जायचं का. थेट कुठे जायचं तेच विचारलं, "खंय जावया?"

तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

१७ नोव्हेंबर

इंग्रजी बोलणारे देश इतके असतील असं कधी वाटलं नव्हतं. इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका. घरात सध्या याच नावांचा पाढा चाललेला असतो.

अमेरिका पहिल्यांदा बाद झाली, कारण व्हिसासाठी नर्सांची रांग लांब आहे आणि पुढे सरकत नाही. कॅनडात थंडी आणि लायसन्ससाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. इंग्लंडमध्ये नियम सारखे बदलतात, कायमचं राहू द्यायला आज पाच वर्षं म्हणतात, उद्या दहा म्हणतील. आयर्लंडमध्ये नर्स लागतात, पण राहायला घर मिळत नाही. संजनाची मैत्रीण अंकिता कॉर्क नावाच्या गावात आहे. तिने सांगितलं की नोकरी मिळण्याआधी खोली शोधायला लागा. पाऊस कसा आहे, असं मी विचारलं, तर म्हणाली, आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता असतो.

माझं मत ऑस्ट्रेलिया. तिथे लोखंडाच्या खाणी आहेत. मी फोनवर फोटो बघतो. माती आपल्या पाळीसारखीच लाल, फक्त डंपर दुप्पट मोठे. त्या डंपरांची इंजिनं मी ओळखतो. बाकी कुठल्याही देशात मी नर्सचा नवरा. तिथे मी गुरुदास असेन.

हे संजनाला मी असं सांगितलं नाही. सांगितलं, हवा गोव्यासारखी आहे.

३० नोव्हेंबर

पणजीला एजंटकडे गेलो. शाळेला सुट्टी होती, म्हणून गौरवीही बरोबर. ऑफिस थंडगार. भिंतीवर प्रत्येक देशाचं घड्याळ.

एजंट माणूस गोड बोलणारा. त्याने आधी विचारलं, "हिला ऐकू येतं?"

"नाही," मी म्हटलं.

मग तो मोकळेपणाने बोलायला लागला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये घरातल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. एखाद्या मुलाच्या खास शाळेचा, उपचारांचा खर्च सरकारला जास्त पडणार असेल तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज फेटाळू शकतात. अपवाद असतात, पण त्यावर विसंबू नका, म्हणाला. इंग्लंड-आयर्लंडला हा त्रास नाही. कॅनडानेही खास शाळेचा खर्च मोजणं सोडलं आहे.

"पण तुमचा कल ऑस्ट्रेलियाकडे असेल तर मार्ग आहे," तो म्हणाला. "तुम्ही दोघांनी तात्पुरत्या व्हिसावर निघायचं. मुलीला इथे कोणाकडे तरी ठेवा. दोन वर्षं. पुढचं पुढे बघू. खूप जण करतात."

संजना उठली. "चला," एवढंच म्हणाली. मी त्याच्याकडून कार्ड घेतलं, घेतलं नाही तर बरं दिसलं नसतं.

गौरवी समोरच्या खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होती. तिला त्याची मिशी गमतीची वाटली असावी.

बसस्टँडवर तिला आइस्क्रीम विचारलं, तर नको म्हणाली. सकाळी पाव आणि भाजी जास्त झाली होती, पोट बिघडलं असेल.

८ डिसेंबर

गौरवी एक नवीन हट्ट करते आहे. शनिवार-रविवार नार्व्याला आत्येकडे राहायचं. वत्सलाआक्का माझी मोठी बहीण, वय साठच्या वर, घरवाला गेल्यापासून एकटीच. नदीकाठी सुपारी-नारळाचं कुळागर, एक गाय, देवळाच्या पलीकडे घर. पूर्वी गौरवी तिथे कंटाळायची. आक्काला खुणा येत नाहीत आणि ती तोंडात पान ठेवून बोलते, त्यामुळे ओठही वाचता येत नाहीत.

आता मात्र स्वतःहून पिशवी भरली. मी सोडायला गेलो. आक्काला आनंद झाला. "रव गो, रव. माका तरी कोण असा," म्हणाली.

मला वाटतं, जाण्याच्या गोष्टी घरात चालल्यामुळे तिला आपल्या माणसांची ओढ लागली असावी. संजनाला बोललो तर ती भांडी घासायला उठली. हल्ली ती अशी उठून जाते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

२३ डिसेंबर

हरमलला संजनाच्या भावाकडे, साईशकडे आलो आहोत. त्याच्या भाड्याच्या खोल्या पर्यटकांनी भरल्या आहेत, त्यामुळे आम्ही स्वयंपाकघराच्या मागे चटयांवर. सगळीकडे भाड्याच्या स्कूटरी. रस्ता ओलांडताना मी गौरवीचा हात सोडत नाही. तिला ते आवडत नाही.

साईशकडे एक ऑस्ट्रेलियन उतरला आहे, खाणीत इलेक्ट्रिशियन होता. मी त्याला गाठलंच. माझं इंग्रजी इंजिनाच्या भागांपुरतं, पण त्याने समजून घेतलं. म्हणाला, खाणी वस्तीपासून फार लांब. विमानाने नेतात, दोन-तीन आठवडे तिथे ठेवतात, मग आठवडाभर घरी. पैसा चांगला. त्याची बायको सोडून गेली. मुलगी त्याच्याशी बोलत नाही. हे त्याने बिअर पिता पिता सांगितलं, हवामान सांगावं तसं.

मला खाणीची माहिती उपयोगी वाटली. लिहून ठेवायला हवी.

दुपारी गौरवी दिसेना. साईशला स्कूटर काढायला लावली. सापडली ती किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये, एका गोऱ्या बाईसमोर. बाई पन्नाशीची, केस आखूड, आणि दोघींचे हात चाललेले. ती बाईसुद्धा बहिरी. स्कॉटलंडची, नाव मॉयरा. तिच्या खुणा आणि गौरवीच्या खुणा वेगळ्या, पण इंग्रजी अक्षरं जवळजवळ सारखी. दोन्ही हातांची. स्वर पाच बोटांच्या टोकांवर. जिथे खूण अडेल तिथे दोघी अक्षरं जुळवत होत्या आणि हसत होत्या.

मी बाजूला बसून राहिलो. दोन खुर्च्या पलीकडे माझी मुलगी कोणाशी तरी अखंड बोलते आहे आणि मला त्यातला चौथा हिस्सा कळतो आहे. वाळूवरचं ऊन उतरेपर्यंत बोलल्या. मध्येच बाईचा चेहरा बदलला. तिने काहीतरी सावकाश सांगितलं. गौरवीने परत विचारलं. बाईने मान हलवली आणि तिला जवळ घेतलं.

"काय बोललीस इतका वेळ?" मी नंतर खुणेने विचारलं.

"कुत्र्याबद्दल," ती म्हणाली. "तिच्याकडे कुत्रा आहे. आणि शाळेबद्दल. ती लहानपणी शाळेतच राहायची. आईवडील लांब."

"बरं होतं म्हणाली?"

गौरवीने खांदे उडवले. "सवय झाली म्हणाली."

२४ डिसेंबर

प्रत्येक देशाच्या खुणा वेगळ्या, असं मॉयराने गौरवीला सांगितलं होतं. ते खरं आहे का, हे संजनाने फोनवर शोधलं. खरं निघालं. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांची अक्षरं दोन हातांची, आपल्यासारखी. अमेरिका, कॅनडा आणि आयर्लंड, एका हाताची. म्हणजे आपण ज्याला इंग्रजी बोलणारे देश म्हणतो, ते गौरवीसाठी एक नव्हेतच.

आणि ज्या तीन देशांची बोटं तिच्यासारखी चालतात, त्यांतले दोन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, तिला घ्यायला का-कू करणार. उरलं इंग्लंड. संजनाने इंग्लंड-आयर्लंड दोन्हीकडे अर्ज टाकलेत, पण इंग्लंडमधून अजून उत्तर नाही. मला रात्री डोळ्यासमोर नुसते हात दिसतात.

१२ जानेवारी

आज जे लिहितो ते कोणी वाचू नये.

दोन वर्षं म्हणजे तशी काय मोठी गोष्ट? माझे वडील ट्रकवर असायचे, आम्ही त्यांना महिनोन् महिने बघत नव्हतो. गौरवीची शाळा इथे चांगली आहे, शिक्षिका तिला ओळखतात. नव्या देशात नेऊन तिला नवी बोटं शिकायला लावणं हाच अन्याय नाही का? आम्ही दोघं आधी जाऊ, पाय रोवू. व्हिडिओवर रोज दिसेलच. एजंट माणूस वाईट नव्हता, व्यवहाराचं बोलत होता.

हे मी मुलीच्या भल्यासाठीच म्हणतो आहे. तरी संजनासमोर म्हणायला जीभ उचलत नाही.

१९ जानेवारी

नार्व्याला गेलो होतो, आक्काची पाहणी करायला. म्हणजे तिची तब्येत, घर, शाळेची बस कुठपर्यंत येते, असं सगळं. उघड काही विचारायचं नव्हतं.

पण तिथे जे बघितलं त्याने थक्क झालो. आक्का पान थुंकून आली, गौरवीसमोर बसली आणि हातांनी म्हणाली, चहा घेतेस का. मग दूध, गाय, ताप, पोटात दुखतं, दार लाव, ये जेवायला. सगळ्या खुणा. बोटं वाकडी, पण कळतं. गौरवी तिची बोटं धरून सरळ करते, चुकली की कपाळावर हात मारते. आक्का हसते.

"चेडवान शिकवल्यान," आक्का गौरवीकडे बोट दाखवून म्हणाली. "सोडणा नाय माका. ताप येयलो तर कसा सांगू, रातीचा भंय वाटला तर कसा उठवू, सगळा."

"तुका बरा वाटता मगे?"

"माका बरा वाटता रे. पण इतक्या नेमान कशाक शिकवता ह्या चेडू, ता माका कळणा नाय."

मला मात्र वाटलं, देवानेच सोय केली. येताना देवळात शिरून नमस्कार केला. खूप दिवसांनी झोप लागेल असं वाटतं आहे.

२० जानेवारी

लागली नाही.

९ फेब्रुवारी

आयर्लंडच्या एका इस्पितळाने संजनाची फोनवर व्हिडिओ मुलाखत घेतली. ती युनिफॉर्म घालून भिंतीसमोर बसली, मी गल्लीतल्या कुत्र्यांना हाकलत बाहेर उभा. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी कधी बघितला नव्हता. निवड झाली. आधी तिने एकटीने जायचं, तिथली परीक्षा द्यायची, नोंदणी झाली की आम्ही दोघं. अर्जात मुलीच्या कानांबद्दल एक प्रश्नही नव्हता. संजनाने दोनदा तपासलं.

मी म्हटलं, "पण एका हाताची अक्षरं."

"शिकतला ता."

"आणि घर नाय मिळत थंय."

"गावतला."

"आणि मी काय करतलंय थंय?"

यावर ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "ह्या तुमी पयल्यांदाच विचारलात."

मला तिचं बोलणं समजलं नाही. मी कामाला गेलो.

२२ फेब्रुवारी

एजंटला फोन केला. नुसती चौकशी. ऑस्ट्रेलियाची फाईल दोघांची उघडायला काय लागतं, मुलगी मागे राहील, बहीण सांभाळेल, वगैरे. परसात उभा राहून बोललो. संजना ड्यूटीवर होती. गौरवी आतल्या खोलीत परसाकडच्या जनेलाजवळ, खिडकीशी बसून अभ्यास करत होती, तिचा काही प्रश्न नव्हता.

हो-नाही काहीच सांगितलं नाही त्याला. माहिती असावी एवढंच.

१६ मार्च

शिगम्याचे ढोल गावभर वाजताहेत.

काल जेवताना गौरवीने ताट बाजूला सरकवलं आणि दोघांनी आपल्याकडे बघावं म्हणून टेबलावर थाप मारली. मग उभी राहिली. शाळेत भाषण करतात तशी.

"मी ठरवलंय," ती हातांनी म्हणाली. "तुम्ही ऑस्ट्रेलियात जा. पप्पाला तिथे खाण आहे. मी आत्येकडे राहते. आत्येला सगळं येतं आता. ताप येतं, पोट येतं, भीती येतं. बस देवळाकडून जाते. मी विचारलंय."

संजनाचा घास हातातच राहिला. "कोणी सांगल्यान तुका ह्या?"

"मिशीवाल्याने. पणजीला. मी वजन आहे, सरकारला जड." तिने दोन्ही हात खांद्यावर ओझं ठेवल्यासारखे केले. "आणि पप्पाने फोन केला. परसात. मुलगी मागे राहील, बहीण सांभाळेल. मी जनेलातून बघितलं."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, एखादं अवघड गणित सोडवून शिक्षिकेला दाखवताना असतो तसा भाव होता. ती शाबासकीची वाट बघत होती.

संजनाने माझ्याकडे मान वळवली.

"फोन केलात?"

"चौकशी फक्त."

"कदी?"

"संजना, मी नुसती—"

"माझी निवड झाल्यार?"

मी हो म्हणालो. ती उठली, गौरवीजवळ गेली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ओठांनी, अगदी सावकाश, आवाज न करता काहीतरी म्हणाली. मी मागे होतो. मला दिसलं नाही.

गौरवी त्यावर रडायला लागली. आतापर्यंत ती रडली नव्हती.

१८ मार्च

दोघी हरमलला गेल्या. संजनाने रजा टाकली. जाताना माझ्याशी बोलली नाही. चुलीवर भात ठेवला होता, तो मीच उतरवला.

१९ मार्च

आक्का आली. नार्व्याहून दोन बस बदलून, या उन्हात. संजनाने तिला फोन केला असणार. चहा नको म्हणाली, पाणीही नको म्हणाली.

"माका ता शिकवी होता, तेवा मी विचारी होतंय, कशाक गो बाये इतक्या? आता कळला." ती पदराने घाम पुशीत होती. "ता माझ्याकडे रवाक नाय येय होता, गुरू. ता तुमका मोकळा करूक येय होता."

मी म्हटलं, "मी ठरवलं काहीच नव्हतं."

"तू नाय ठरयलंस म्हणान तेणां ठरयला. बारा वर्सांच्या चेडवान." मग आवाज खाली आला. "तुका काय होयां ता तू एकदा तरी तोंडान सांग. ऑस्ट्रेलिया कशाक? हवा बरी म्हणान?"

माझ्या बहिणीसमोर मी कधी रडलो नव्हतो. खाण बंद झाली तेव्हाही नाही. मी तिला सांगितलं की मला भीती वाटते. तिथे बायको कमावणार, मुलगी शिकणार, आणि मी एका परक्या स्वयंपाकघरात खिडकीतून पाऊस बघत बसणार. इंग्रजीत कोणी काही विचारलं तर हसणार. ऑस्ट्रेलियात निदान इंजिन माझ्याशी बोललं असतं.

आक्काने पिशवी काखेत घेतली.

"ह्या सांगूक तुका चेडू मागे ठेवचा लागला?" असं म्हणून उठली. तिला शेवटची बस पकडायची होती.

२१ मार्च

हरमलला गेलो. साईशने दारात अडवलं नाही, पण आतही बोलावलं नाही. संजना मागे कपडे वाळत घालत होती. तिला म्हटलं, आधी गौरवीशी बोलतो, मग तुझ्याशी. ती म्हणाली, "ताच बरा."

आम्ही किनाऱ्याच्या कडेला उलट्या ठेवलेल्या होडीवर बसलो. मी बोलत होतो तेव्हा ओठही हलवत होतो आणि हातही, दोन्ही चुकत होते. मी म्हटलं, तू जड नाहीस. तो माणूस खोटं बोलला. आणि मी त्याला फोन केला ते तुझ्यामुळे नाही. मला भीती वाटली म्हणून.

"कशाची?" तिने विचारलं.

लोक बोलतील आणि मला कळणार नाही याची, असं मी सांगितलं.

गौरवीने माझ्याकडे असं बघितलं की अजून ते डोळ्यांपुढून जात नाही. मग हसली. मोठ्याने, तिला स्वतःला ऐकू न येणारं ते हसू. दोन कोळी मागे वळून बघायला लागले.

"मला रोज असंच असतं," ती म्हणाली. "मरत नाही कोणी."

मी विचारलं, तुला कुठे जायचं आहे? खरं सांग. हे तिला आत्तापर्यंत कोणीच विचारलं नव्हतं, हे विचारतानाच माझ्या लक्षात आलं.

इंग्लंडची अक्षरं सोपी, मॉयरासारखी, म्हणाली. पण आईची नोकरी आयर्लंडमध्ये आहे. एका हाताची अक्षरं शिकायला काही फार लागत नाही, शाळेतली मैत्रीण प्रिया फोनवर बघून अर्धी शिकलीसुद्धा. "एक हात मोकळा राहतो," ती म्हणाली. "खाता खाता बोलता येतं." मग समुद्राकडे बघत विचारलं, "तिघं?"

"तिघं," मी म्हटलं.

"परत फोन करणार नाहीस?"

"नाही."

तिने हात पुढे केला, मोठी माणसं करतात तसा. मी तो धरला.

२३ मार्च

संजना घरी आली. स्वयंपाक केला, जेवलो. ती म्हणाली, "माझो राग गेलो म्हणान समजू नका. मी आयर्लंडाक हो म्हणान कळवलंय. तुमी येतलास तर या, पण येतलास ता आता सांगा."

"येतंय," मी म्हटलं.

"आणि थंय जाऊन तोंड पाडून बसतलास?"

"बसतलंय थोडे दिवस."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. तेवढं मी बघितलं.

१ मे

नवी काळजी: मला इंग्रजी शिकायला हवं. संध्याकाळी साखळीच्या क्लासला जातो. वर्गात सगळे माझ्याहून लहान. गुरुजींनी उभं करून विचारलं, तुम्ही काय काम करता. मी इंजिनचे सगळे भाग सांगितले आणि क्रियापद विसरलो. घरी सांगितलं तर गौरवी हसली आणि तिने तो प्रसंग हातांनी करून दाखवला. इतका हुबेहूब केला की संजनाही हसली. मार्चनंतर पहिल्यांदाच.

१४ जून

संजना गेली. मोपा विमानतळावर गौरवी आणि मी काचेला नाक लावून उभे होतो. तपासणीच्या रांगेतून ती मागे वळून हातांनी बोलत होती, शेवटच्या वळणापर्यंत. इतर लोक ओरडून सांगत होते, गॅस बंद केलास का, गोळ्या घेतल्यास का, आणि त्यांचं आत काही पोचत नव्हतं. आमचं सगळं पोचत होतं.

घर फार मोठं वाटतं आहे. मला सतत वाटतं, तिथे तिला बरं नाही वाटलं तर कोण बघेल. परीक्षेत नापास झाली तर? पास झाली तर?

२० जुलै

संजना परीक्षेत पास झाली. आता नोंदणी, मग आमचे कागद. अजून काहीही अडू शकतं. अंकिता म्हणते, घरासाठी चार ठिकाणी विचारलंय, तीन ठिकाणी नाही म्हणाले.

आज व्हिडिओ लागला, पण आवाज येईना. संजनाचे ओठ हलत होते, आणि फोनमधून नुसती खरखर. मी ओरडलो, फोन हलवला, जनेलाजवळ नेला. गौरवीने तो माझ्या हातातून घेतला, भिंतीला टेकवून ठेवला आणि समोर बसली.

मग दोघी बोलायला लागल्या. एका हाताने. संजना इस्पितळातल्या एका बहिऱ्या आयेकडून शिकते आहे, गौरवी फोनवरून. अक्षरं भरभर, मध्ये आपल्या घरच्या खुणा, मध्ये नव्या, ज्या मी कधी बघितल्या नाहीत. संजना हसली. मग गंभीर झाली. मग माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, आणि गौरवी खुसखुसली.

मी गौरवीच्या दंडाला हात लावला. "काय म्हणते आई?"

तिने मला सांगितलं: आई तिथली बहिऱ्या मुलांची शाळा बघून आली. शाळेच्या बाईंनी विचारलं, किती जण येणार. आईने सांगितलं, तिघं. शाळेजवळ बस दुरुस्त करायची मोठी शेड आहे, आई आत जाऊन विचारून आली, त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. पाऊस असतो, नुसता असतो.

"आणि माझ्याबद्दल काय म्हणाली? हसलीस ते?"

गौरवीने माझ्याकडे बघितलं. पाहुणे आले की, टीव्ही चालू असला की, सगळे हसले की, बारा वर्षं आम्ही तिला जे सांगत आलो तेच तिने मला हाताने सांगितलं.

"मग सांगते."

आणि ती परत आईकडे वळली. मी तिच्या शेजारी बसून राहिलो, आणि त्या दोघींचे हात बघत वाट पाहिली.